घरच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी घुसतंय असं वाटतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

"सर, माउस आपोआपच फिरून रायला." "रात्री बंद केला होता, सकाळी पाहतो तं चालू." "लाल पट्टी आली न त्यात फोन नंबर होता." यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या टेबलावर ही वाक्यं बारा महिने ऐकू येतात. त्यापाठोपाठ येणारी मागणीही ठरलेली: "फॉरमॅट मारून द्या."

फॉरमॅट हे शेवटचं काम आहे, पहिलं नव्हे. फॉरमॅट मारला की कोण आलं, कधी आलं याच्या नोंदी पुसल्या जातात आणि जीमेलचा पासवर्ड मात्र चोरीला गेलेला तसाच राहतो. शिवाय खेड्यातल्या घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरचा माणूस सहसा तोडफोड करून येत नाही. त्याला आत घ्यायची सोय आपल्याच घरातून किंवा आपल्याच मेकॅनिकच्या हातून झालेली असते. म्हणून शोध तिथूनच सुरू करायचा.

आधी नेट तोडा

केबल असेल तर काढा, वायफाय असेल तर राउटरचं बटण बंद करा, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर हॉटस्पॉट बंद करा. दुसऱ्या टोकाला खरंच कोणी बसलं असेल तर त्याचा ताबा त्याच क्षणी सुटतो. कॉम्प्युटर चालूच ठेवा. स्क्रीनवर जे दिसतंय त्याचा मोबाइलनं फोटो काढा, कोपऱ्यातली तारीख-वेळ फोटोत येऊ द्या.

खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला असेल तर बाकी सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा आणि या लेखातला पैशांचा भाग आधी वाचा.

लाल पट्टीचं सांगून टाकतो. "तुमचा कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं किंचाळणारं पान म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेली एक वेबसाइट असते, बाकी काही नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीच नसतो. ऑल्ट आणि एफ४ दाबा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडताना "आधीची पानं परत आणू का" विचारलं तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन केलाच नसेल तर बहुधा विषय इथेच संपला. फोन केला असेल, आणि समोरच्यानं सांगितलेलं काही डाउनलोडही केलं असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

माणूस आहे की लाईनचा खेळ?

आपल्याकडे लाईन जाते, येते, कमी-जास्त होते. त्यातून जे प्रकार घडतात ते हुबेहूब हॅकिंगसारखे दिसतात.

कॉम्प्युटर आपोआप चालू होणं: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, "लाईन आल्यावर पुन्हा सुरू हो" असा एक पर्याय असतो. तो लागलेला असेल तर पहाटे लाईन आली की डेस्कटॉपही जागा होतो. खात्री करायची असेल तर स्टार्टमध्ये "इव्हेंट व्ह्यूअर" शोधा, विंडोज लॉग्जमधलं "सिस्टीम" उघडा आणि "कर्नल पॉवर", क्रमांक ४१ ही नोंद पाहा. तिचा अर्थ कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला; रात्री नीट बंद केला असेल तर ती दिसणार नाही. तिची वेळ आणि लाईन आल्याची वेळ जुळली, तर झोप मोडायचं कारण नाही.

सगळ्या वेबसाइट "हे कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणायला लागल्या तर आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझरला सगळ्याच साइटची प्रमाणपत्रं चुकीची वाटतात. सेल किरकोळ किमतीत मिळतो.

आता तो फिरणारा माउस. लॅपटॉपच्या चार्जरची तिसरी पिन काढून तो दोन पिनच्या बोर्डात खुपसलेला असेल किंवा घराला अर्थिंगच नसेल, तर टचपॅडवरचा बाण थरथरतो, उड्या मारतो. चार्जर काढा. बाण शांत झाला की समजा अर्थिंगचं काम आहे, वायरमनला बोलवा. खरा घुसखोर थरथरत नाही. त्याचा बाण सरळ एखाद्या फोल्डरकडे जातो, ते उघडतो, टाइप करतो. हा फरक एकदा पाहिला की विसरत नाही.

मे महिन्यात पंख्याचा घों-घों आवाज येतो तो बहुतेक वेळा धुळीनं आणि उन्हानं. आणि राउटरच्या लॉगमध्ये "पोर्ट स्कॅन" लिहून येत असेल तर तेही मनावर घेऊ नका. जगभरात यंत्रं दिवसरात्र इंटरनेटवरचा एकेक पत्ता चाचपत असतात. गल्लीतलं कुत्रं जसं प्रत्येक फाटकाला नाक लावत पुढे जातं तसं. फाटक बंद असलं की झालं.

न मागता ओटीपी येणं, विंडोजचा अँटिव्हायरस आपोआप बंद सापडणं, जीमेलवर "नवीन डिव्हाइसवरून साइन-इन" अशी सूचना येणं, हे प्रकार मात्र लाईनच्या माथी मारता येत नाहीत. यातलं काहीही दिसलं तर पुढे चला.

एनीडेस्क शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथे इन्स्टॉल्ड ॲप्स. यादी नावानुसार नको, तारखेनुसार लावा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर, रस्टडेस्क यांपैकी काही दिसतंय का? दुसऱ्याला दुरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारी ही ॲप्स वाईट नाहीत. तीस-चाळीस किलोमीटरवरून मेकॅनिकला बोलवायचं म्हणजे त्याचा दिवस जातो आणि आपलं पेट्रोल, म्हणून तो एनीडेस्कवरून प्रिंटर सुरू करून देतो. सोयच आहे ती. भानगड पुढे होते: काम झाल्यावर ते कोणी काढत नाही, आणि "अनअटेंडेड ॲक्सेस"चा पासवर्ड लावून ठेवलेला असेल तर समोरच्याला तुमच्या परवानगीशिवाय केव्हाही आत येता येतं. मेकॅनिक भला माणूस असेलही, पण तोच पासवर्ड त्याच्या दुकानातल्या पोरांना माहीत असतो आणि कदाचित त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडेही तोच लावलेला असतो.

काढून टाकण्याआधी त्याची वही वाचा. सी ड्राइव्हमध्ये "प्रोग्रामडेटा" नावाचं लपलेलं फोल्डर असतं. ते दिसण्यासाठी फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू"मधून "हिडन आयटम्स"वर टिक करा. आत एनीडेस्कच्या फोल्डरमध्ये "कनेक्शन ट्रेस" नावाची टेक्स्ट फाइल सापडेल. नोटपॅडमध्ये उघडा. एका भेटीची एक ओळ: सुरुवातीला "इनकमिंग", मग तारीख आणि वेळ, मग आत कसं घेतलं ते, म्हणजे तुम्ही "ॲक्सेप्ट" दाबलं की पासवर्डनं तो स्वतःच आला, आणि शेवटी समोरच्याचा आकडी आयडी. प्रिंटर दुरुस्त झाला ती तारीख आठवा. त्यानंतरच्या तारखांना ओळी असतील आणि त्या पासवर्डच्या असतील, तर तुमची शंका खरी आहे. फाइल पेनड्राइव्हवर काढून घ्या, मगच ॲप काढा. टीमव्ह्यूअर असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये "कनेक्शन्स इनकमिंग" नावाची अशीच फाइल असते.

विंडोजची हजेरी

पुन्हा इव्हेंट व्ह्यूअर, या वेळी "सिक्युरिटी". उजवीकडे "फिल्टर करंट लॉग" दाबून ४६२४ टाका. ही यशस्वी लॉगिनची नोंद. शेकडो ओळी येतील, घाबरू नका. ज्यात "लॉगऑन टाइप" ५ लिहिलंय त्या विंडोजच्या स्वतःच्या सेवा असतात. टाइप २ म्हणजे कोणीतरी प्रत्यक्ष कीबोर्डवर बसून आत आलं, ७ म्हणजे लॉक उघडलं, १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून, विंडोजच्याच सोयीनं दुसऱ्या यंत्रावरून आलं. दहा दिसला आणि तुम्ही रिमोट डेस्कटॉप कधी वापरलाच नाही, तर गंभीर आहे. एनीडेस्कच्या भेटी इथे दहा म्हणून दिसत नाहीत, ते चालू स्क्रीनच पाहत असतं, म्हणूनच त्याची वही वेगळी वाचायला सांगितली.

आणि दोन नंबरची नोंद दुपारी दोनची असेल, तुम्ही वावरात असताना? मग हॅकर नाही, घरातला किंवा शेजारचा पोरगा आहे. पासवर्ड बदला आणि त्याला गेमसाठी वेगळं खातं काढून द्या. सेटिंग्जमधल्या "अकाउंट्स"मध्ये "अदर यूजर्स"ही एकदा पाहाच. तुम्ही न काढलेलं खातं तिथे नसावं.

स्कॅन, पण आधी सवलतींची यादी

"विंडोज सिक्युरिटी" उघडा. स्कॅन लावण्याआधी "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन"च्या सेटिंग्जमध्ये खाली "एक्सक्लुजन्स" पाहा, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या गोष्टींची यादी. चोरीचं विंडोज किंवा ऑफिस चालू करणारा ॲक्टिव्हेटर टाकताना अँटिव्हायरस आरडाओरड करतो, म्हणून टाकणारा माणूस ते फोल्डर, कधी कधी अख्खी सी ड्राइव्ह, या यादीत घालून मोकळा होतो. मग वर्षभर स्कॅन केला तरी "काही सापडलं नाही" असंच येणार! यादी रिकामी करा. त्यानंतर "स्कॅन ऑप्शन्स"मधून "ऑफलाइन स्कॅन" निवडा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, साधारण पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे लाईनचा भरवसा असेल अशा वेळीच लावा. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधनंही आहेत, ती नेट जोडल्यावर वापरता येतील.

ब्राउझरची एक्सटेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेली छोटी ॲप्स, पाहून अनोळखी असतील ती काढा.

पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून

ज्या कॉम्प्युटरवर शंका आहे त्यावर बसून नवा पासवर्ड टाइप करू नका. मोबाइल घ्या, नेट मोबाइलचंच. पहिला नंबर जीमेलचा, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड त्यातून बदलता येतात. गुगल खात्याच्या "सिक्युरिटी"मध्ये "युवर डिव्हायसेस" उघडून अनोळखी यंत्रं साइन-आउट करा, रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना ते पाहा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) लावा. बरेच जण इथे थांबतात. पण जीमेलच्या सेटिंग्जमध्ये "फॉरवर्डिंग" आणि "फिल्टर्स" तपासणं राहून जातं. तिथे दुसऱ्याचा पत्ता घातलेला असेल तर पासवर्ड बदलूनही तुमची पत्रं त्याच्याकडे जात राहतात. हा भाग मोबाइल ॲपमध्ये सापडत नाही, तो स्वच्छ कॉम्प्युटरवरच पाहावा लागतो.

त्यानंतर बँक, मग महाडीबीटी आणि बाकीची पोर्टलं. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक्ड डिव्हायसेस" पाहा. कॉम्प्युटरमध्ये घरच्यांच्या आधारचे स्कॅन पडलेले असतात (असतातच), म्हणून आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. रेशनला अंगठा लावायच्या दिवशी तेवढं उघडायचं.

राउटर

फायबर जोडणारा केबलवाला राउटर लावून जातो, ॲडमिनचा पासवर्ड "ॲडमिन"च ठेवून. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही राउटरना १९२.१६८.०.१), ॲडमिनचा आणि वायफायचा, दोन्ही पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलायची सोय) बंद करा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांना एवढं करायची गरज नाही, हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलला तरी पुरे.

पैसे गेले असतील तर

१९३० वर फोन, लगोलग बँकेला कळवणं, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. रक्कम पुढच्या खात्यातून निघण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळायची आशा, म्हणून यात तास महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नुकसान ग्राहकाच्या अंगावर येत नाही. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी तसा आदेश निघाला. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून शाखा सोमवारी उघडेल याची वाट पाहू नका. बँकेच्या हेल्पलाइनला सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.

पैसे गेले नसले तरी परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं गुन्हा ठरू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ६६: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करू शकतो. त्यामुळे गावच्या चौकीवरून ठाण्यात पाठवलं तर ती टाळाटाळच असेल असं नाही. सोबत फोटो आणि पेनड्राइव्हवरची ती फाइल न्या.

आता फॉरमॅट

भेटी सापडल्या असतील किंवा स्कॅनमध्ये ट्रोजन (साध्या प्रोग्रामच्या वेशात आलेला घातक प्रोग्राम) निघाला असेल तर विंडोज नव्यानं टाकणं बरं. फोटो, कागदपत्रं काढून घ्या. डाउनलोड केलेली सेटअपची एकही फाइल परत आणू नका. मेकॅनिकला दोन गोष्टी आधीच सांगा: ॲक्टिव्हेटर नको, आणि एनीडेस्क लावलंच तर जाताना तुमच्यासमोर काढायचं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती कॉम्प्युटरना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. जुना कॉम्प्युटर विंडोज ११ घेत नसेल आणि घरात काम फक्त ब्राउझर, प्रिंट आणि व्हिडिओचं असेल, तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकून घ्यावी असं माझं मत आहे. फुकट आहे, त्यासाठी ॲक्टिव्हेटर लागत नाही, आणि चार जीबी रॅमवरही चालतं. प्रिंटरचं मॉडेल मात्र टाकण्याआधी मेकॅनिकला विचारून घ्या, काही जुने प्रिंटर त्यावर रुसतात.