आंतरखंडीय चषक पाहण्यापूर्वीची तयारी

तयारीची सुरुवात फुटबॉलची ही स्पर्धा नेमकी कोणती, हे ठरवण्यापासून करावी. २०२५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत झालेला आणि चेल्सीने जिंकलेला ३२ संघांचा क्लब विश्वचषक चार वर्षांतून एकदा भरतो. खंडोखंडीचे विजेते क्लब दरवर्षी ज्यात भिडतात, तो फिफाचा, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचा, आंतरखंडीय चषक वेगळा, आणि पुढील यादी त्याचीच आहे.

त्यानंतर सामन्यांची उतरंड कागदावर उतरवून घ्यावी. युरोपचा विजेता थेट अंतिम सामन्यात बसलेला असतो. एका बाजूला ओशनिया, आफ्रिका आणि आशियाचे विजेते, तर दुसऱ्या बाजूला उत्तर आणि दक्षिण अमेरिकेचे विजेते आपापसांत खेळतात, आणि या दोन बाजूंतून तावूनसुलाखून निघालेला एकच संघ युरोपच्या विजेत्यासमोर उभा राहतो. २०२५ मध्ये दक्षिण अमेरिकेचा विजेता, ब्राझीलचा फ्लामेंगो याला १०, १३ आणि १७ डिसेंबरला असे तीन सामने खेळावे लागले, तर युरोपचा विजेता, पॅरिसचा क्लब पीएसजी याला एकच. हा तराजू समतोल आहे असे म्हणवत नाही, म्हणूनच केवळ अंतिम सामन्यापुरता टीव्ही लावणाऱ्याला स्पर्धेचा निम्मा अर्थ कळत नाही.

यादीतील सर्वांत मोलाची बाब म्हणजे प्रत्येक संघाचे मागील महिन्याचे वेळापत्रक, कारण युरोपात डिसेंबर हा हंगामाचा मध्य असतो, तर ब्राझीलमध्ये शेवट. ब्राझीलच्या बोताफोगो क्लबने ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ब्युनोस आयर्समध्ये कोपा लिबर्तादोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेची क्लब अजिंक्यपद स्पर्धा, जिंकली, ८ डिसेंबरला ब्राझीलच्या लीगचे विजेतेपदही पटकावले, आणि लगेच विमानाने कतारची राजधानी दोहा गाठून ११ तारखेला मेक्सिकोच्या पाचुका क्लबशी सामना खेळला. निकाल ०-३. त्या दिवशी पाचुका सरस होताच. परंतु ही तीन तारखांची ओळ समोर नसेल, तर पराभवाचे खापर भलत्याच कारणावर फुटते. पुढे त्याच पाचुकाला कतारमधील लुसैलच्या अंतिम सामन्यात रिअल माद्रिदने ३-० असे नमवले.

नावांची खातरजमाही करावी. २०२४ मध्ये खेळलेला अल अहली क्लब कैरोचा होता आणि २०२५ मधील अल अहली सौदी अरेबियातील जेद्दाहचा. निकालाच्या ओळीत दोन्ही सारखेच दिसतात. आशियाई संघांची तोंडओळख हवी असल्यास त्या खंडाच्या चॅम्पियन्स लीगचे काही सामने आधी पाहावेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये सौदी अरेबियाचा अल हिलाल नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीविरुद्ध याच स्पर्धेत खेळून गेला होता, तेव्हा हे संघ आपल्याला अगदीच परके नाहीत.

शेवटी वेळेचा हिशेब. कतारचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असल्याने तेथील रात्री आठचा सामना येथे साडेदहाला सुरू होतो. मात्र बरोबरी झाल्यास जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट धरून झोपेचे गणित मांडावे. २०२५ चा अंतिम सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि पीएसजीचा गोलरक्षक सफोनोव्हने चार पेनल्टी अडवल्या, तेव्हा भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी असलेल्यांनी रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवावा.