पाणवनस्पतींची टाकी: कार्बन डायऑक्साइड आणि फिल्टरच्या या चुका टाळा

वनस्पतींच्या टाकीत मासे अचानक दगावले म्हणून मला विचारायला येणाऱ्यांच्या बाबतीत रोग क्वचितच निघतो. बहुतेक वेळा वनस्पतींच्या वाढीसाठी टाकीत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा व्हॉल्व्ह घाईने उघडलेला असतो. टाकीतील बदल ड्रॉप चेकरच्या (पाण्यातील या वायूचे प्रमाण दाखवणाऱ्या छोट्या कुपीच्या: निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे जास्त) रंगात उतरायला दीड-दोन तास लागतात, तेवढा धीर न धरता निळा रंग दिसताच नीडल व्हॉल्व्ह (वायूचा प्रवाह बारीक कमी-जास्त करणारी चावी) आणखी फिरवणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. माझ्या तीन फुटी टाकीत मी तीच केली. सकाळी बुडबुडे वाढवले, अर्ध्या तासाने रंग निळाच दिसला म्हणून पुन्हा वाढवले आणि कामावर गेलो. दुपारी परतलो तेव्हा चेकर पिवळाधमक झाला होता, कार्डिनल टेट्रा माशांचा सगळा थवा पाण्याच्या पृष्ठभागाला तोंडे लावून धापा टाकत होता आणि दोन कोरिडोरास मासे तळाशी कुशीवर पडले होते. गॅस बंद केला, एअर पंप लावला, तांब्याने टाकीतलेच पाणी उंचावरून ओतत राहिलो. टेट्रा सावरले, कोरिडोरास गेले. तेव्हापासून मी व्हॉल्व्हला हात लावतो तो सुट्टीच्या दिवशीच, दिवसातून एकदाच, आणि नंतर टाकीसमोरून हलत नाही.

चेकरमध्ये टाकीचे पाणी भरू नये. ४ डीकेएचचे (डीकेएच म्हणजे पाण्याच्या कार्बोनेट कठीणपणाचे एकक) तयार द्रावण असेल, तरच हिरवा रंग म्हणजे लिटरला साधारण ३० मिलिग्रॅम वायू असे धरता येते.

गॅस दिवा लागण्याच्या एक-दोन तास आधी सुरू व्हावा आणि दिवा बंद होण्याच्या तासभर आधी बंद व्हावा, कारण अंधारात वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात. साखर-यीस्टच्या मिश्रणातून गॅस तयार करणारी बाटली रात्री थांबत नाही आणि उन्हाळ्यात तर अधिकच उसळते, म्हणून तो स्वस्त मार्ग मी कोणालाही सुचवत नाही. वायू उडून जाईल या भीतीने पृष्ठभाग निश्चल ठेवणेही मला पटत नाही. थोडा गॅस वाया गेला तरी चालेल, माशांना ऑक्सिजन मिळाला पाहिजे.

फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत धुणाऱ्यांना मी वर्षानुवर्षे एकच सांगत आलो आहे: तो तपकिरी थर म्हणजे नुसती घाण नव्हे. माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्यातच राहतात, आणि नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यांना मारते. पाणी बदलताना काढलेल्या बादलीभर पाण्यातच मी स्पंज दोन-तीनदा पिळतो. फिल्टरमधल्या सिरॅमिक रिंगा त्याच दिवशी धुवत नाही, कारण तेच जिवाणू त्यांतही राहतात.

वीज चार-पाच तास गेली असेल, तर कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) तसाच सुरू करू नये. बंद डब्यातला ऑक्सिजन संपून जिवाणू मरू लागलेले असतात आणि ते कुजके पाणी थेट माशांवर जाते. झाकण उघडावे, आतले पाणी मोरीत ओतावे, माध्यम (स्पंज, रिंगा) टाकीच्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि मगच बटण दाबावे.