जुने बेसबॉल फोटो घेताय? आधी पुठ्ठा बघा, खेळाडू नंतर

आधीच सांगतो, मी क्रिकेटवाला माणूस. न्यू जर्सीत आल्यावर ऑफिसातल्या एकाने होबोकनला नेलं आणि म्हणाला इथे एलिशियन फील्ड्स नावाचं मैदान होतं, 19 जून 1846 ला निकरबॉकर नावाचा बेसबॉल क्लब इथेच 23-1 ने हरला, आता मैदान नाही नि काही नाही, नुसते रस्ते आणि बिल्डिंगा. तेव्हापासून जुन्या बेसबॉल फोटोंचं खूळ लागलं ते लागलंच. पहिला फोटो फ्ली मार्केटमध्ये 40 डॉलरला घेतला, नऊ मिशीवाले, तपकिरी रंग, कोपरे झिजलेले, एकदम झकास, आणि घरी येऊन भिंगाखाली धरला तर मिशांच्या जागी नुसते ठिपके! कुठल्यातरी पुस्तकाचं पान कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. विकणाऱ्याला काय बोलणार, मीच मिशा बघत बसलो होतो.

तर पहिली खरेदी म्हणजे सोनार वापरतात तसलं 10 पट मोठं दाखवणारं भिंग. खऱ्या फोटोत काळ्याकडून पांढऱ्याकडे छटा सलग जाते, छापील चित्रात ठिपक्यांची जाळी दिसते. एवढ्यावरच अर्धी रद्दी बाजूला पडते.

मग बघायचं की फोटो आहे कशावर. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, जरा तिरका केला की आरशासारखं आपलंच तोंड दिसतं. अँब्रोटाइप काचेवर. टिनटाइप नावाला टिन, असतो लोखंडी पत्रा, म्हणून फ्रिजवरचं लोहचुंबक त्याला ओढतं. टिनटाइपचं पेटंट 1856 चं, त्यामुळे कोणी "1850 चा टिनटाइप" म्हणून विकायला लागला की हसून पुढच्या टेबलाकडे निघायचं. डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये प्रतिमा सहसा उलटी येते, पट्ट्यावरची क्लबची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात, उजवा माणूस डावखुरा वाटतो, त्यामुळे "डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) सापडला" म्हणून नाचू नका.

कागदावरचे फोटो जास्त मिळतात. 1860 च्या दशकातलं, पुठ्ठ्यावर फोटो चिकटवलेलं छोटं कार्ड, ज्याला सगळे सीडीव्ही (कार्ट-द-व्हिझिट) म्हणतात, अंदाजे अडीच बाय चार इंच, आणि 1866 च्या सुमारास आलेलं कॅबिनेट कार्ड सव्वाचार बाय साडेसहा. दोन्हीवर बहुतेक अल्ब्युमेन प्रिंट असते, म्हणजे पातळ कागदावर अंड्याच्या पांढऱ्याचा थर, तो इतका पातळ की भिंगातून कागदाचे तंतू दिसतात आणि पांढरे भाग पिवळट पडलेले असतात. पुढे 1890 च्या दशकात जिलेटिनचा कागद रुळला, त्यात जुना झाला की काळ्या भागावर, कडेला जास्त, चंदेरी झाक येते. ही झाक मला भारी आवडते, पण एकट्या झाकेवर पैसे टाकू नका.

सीडीव्हीच्या पाठीवर कधीकधी महसुली तिकीट असतं, हा यादवी युद्धाच्या वेळचा कर, 1 सप्टेंबर 1864 ते 1 ऑगस्ट 1866 एवढाच चालला. म्हणजे तारीख आयती मिळाली! पण मागाहून तिकीट चिकटवणारे महाभागही आहेत, म्हणून तिकीट रद्द करतानाची शाई थोडी कार्डावर उतरलीय का ते बघायचं. स्टुडिओचा पत्ता छापलेला असला तर त्या शहराच्या जुन्या डिरेक्टरीत तो फोटोग्राफर त्या वर्षी त्याच पत्त्यावर होता का तेही बघा, अर्ध्या तासाचं काम.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च पण घ्या. अंधारात मारला आणि कागद निळसर पांढरा झगमगला तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला. झगमगला नाही म्हणजे जुनाच, असं मात्र नाही. आणि फोटो वेगळा, पुठ्ठा वेगळा तपासा, कारण खऱ्या जुन्या पुठ्ठ्यावर नवा फोटो चिकटवणं ही सगळ्यात चालणारी लबाडी आहे.

हे सगळं झालं की मग खेळाडू. छातीवर बटणांनी लावलेलं ढालीसारखं कापड, हातात ग्लोव्ह नाही, चार पाकळ्यांची शिवण असलेला चेंडू, हे सगळं 1860 च्या आसपासचं. कॅचरच्या (म्हणजे त्यांच्या विकेटकीपरच्या) मुखवट्याचं पेटंट 1878 चं, त्यामुळे मुखवटा दिसला तर 1865 विसरा. नुसती बॅट म्हणजे बेसबॉल नव्हे, तेव्हा अमेरिकेत क्रिकेटही जोरात होतं (आपल्याला ती बॅट ओळखू येते हा आपला फायदा). 1880 च्या दशकातल्या, सिगारेटच्या पाकिटातून मिळणाऱ्या ओल्ड जज कार्डांत तर गंमतच, कॅच घेणाऱ्याच्या वर चेंडू दोरीला लटकतोय आणि दोरी चक्क दिसते, सगळं स्टुडिओत.

नावाच्या बाबतीत सगळ्यात संशयी राहा. ब्रुकलिन अटलांटिक्स या संघाचं 1865 चं एक सीडीव्ही 2013 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या लिलावात 92,000 डॉलरला गेलं, तेव्हापासून प्रत्येक नऊ अनोळखी माणसं अटलांटिक्स निघतायत. त्याच फोटोची दुसरी प्रत लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे, स्कॅन बघून चेहरे ताडून बघा, आणि मिशी सोडा, कान बघा. मिशी महिन्यात बदलते, कानाची घडण नाही.

विसाव्या शतकातले प्रेस फोटो, म्हणजे कॉनलन, बेन वगैरे फोटोग्राफरांचे, हा वेगळाच बाजार. तिथे टाइप 1 म्हणजे मूळ निगेटिव्हवरून, फोटो काढल्यापासून साधारण दोन वर्षांच्या आत केलेली प्रिंट, भाव तिलाच. पाठीवरचे एजन्सीचे शिक्के इथे पुढच्या चित्राइतकेच महत्त्वाचे.

पाठीवर शिक्का (बहुधा लायब्ररीचा) खरवडलेला दिसला तर मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त असो. लायब्रऱ्यांमधून जुने बेसबॉल फोटो चोरीला गेलेत, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या स्पाल्डिंग कलेक्शनमधूनही, आणि चोरीचा माल परतच द्यावा लागतो.

घरी आणल्यावर पीव्हीसीच्या पाकिटात घालू नका, पॉलिएस्टरच्या घाला, उन्हात लावू नका, लॅमिनेट तर अजिबातच नको. आणि डॅगेरोटाइपची काच काढून पत्रा रुमालाने पुसायचा मोह झाला तर हात मागे बांधून बसा, एकदा फिरवला की माणूस पुसला जातो.