एका अक्षराने सुरू होणारे इंग्रजी शब्द : यादी नको, दोन अक्षरं धरा

बाजारात ‘एस’ने सुरू होणाऱ्या शंभर शब्दांचे तक्ते मिळतात. माझ्या शिकवणीतली मराठी माध्यमाची सहावी-सातवीची पोरं ते घडाघडा म्हणून दाखवतात. आठवड्याने विचारलं की तीन शब्दांवर गाडी अडते. पोरांचा दोष नाही. इंग्रजी शब्दकोशात सगळ्यात जास्त पानं ‘एस’नेच अडवलेली असतात. एवढा ढीग एका दमात कोण उचलणार?

म्हणून मी पहिली दोन अक्षरं धरायला सांगते. ‘एस-एन’ घ्या. स्नीझ म्हणजे शिंकणं, स्निफ म्हणजे हुंगणं, स्नोअर म्हणजे घोरणं, स्नॉर्ट म्हणजे नाकाने फुरफुरणं, स्नाउट म्हणजे डुकराचं किंवा कुत्र्याचं पुढे आलेलं नाक. सगळा कारभार नाकाचा! वर्गात एकाने शब्द म्हणायचा, दुसऱ्याने करून दाखवायचं. घोरायला सांगितल्यावर कोणी मागे राहत नाही. मग प्रत्येकाने घरातल्या माणसावर एक वाक्य लिहायचं. एका मुलीने लिहिलं, ‘माय आजोबा स्नोअर लाइक ट्रॅक्टर.’ व्याकरण नंतर बघू, तो शब्द आता तिच्या डोक्यातून जात नाही.

तसंच ‘जी-एल’. ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट, ग्लिमर, या सगळ्यांत उजेड किंवा चमक आहे. पण हा नियम समजू नका. ग्लू आणि ग्लव्हमध्ये कसली चमक? स्नेक आणि स्नो यांचाही नाकाशी संबंध नाही. असे शब्द पानाच्या कोपऱ्यात चौकट करून लिहायचे. पोरं हे ‘घुसखोर’ फार आवडीने शोधतात, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त लक्षात राहतात.

वही साधी शंभर पानी चालते. एका पानावर एकच जोडी, सहा-सात शब्द पुरे. शब्द, अर्थ, स्वतःचं वाक्य. गाइडमधलं वाक्य उतरवलं तर मी ते पान धरत नाही.

शनिवारी ‘नाव, गाव, फळ, फूल’ खेळतो, पण रकाने बदलून: घरातली वस्तू, क्रिया, माणूस कसा आहे ते, आणि खायचा पदार्थ. अक्षर चिठ्ठी काढून ठरवायचं. दुसऱ्या कोणीच न लिहिलेल्या शब्दाला दहा गुण, दोघांचा सारखा आला तर पाच. या दहा गुणांपायीच पोरं बिगला सोडून ब्रेव्ह शोधतात. शब्द खरा आहे का यावर भांडण होतंच. तेव्हा शब्दकोश उघडायचा. पानाच्या डोक्यावर छापलेले दोन शब्द बघून पान कसं गाठायचं, हे त्या भांडणात आपोआप शिकून होतं.

आता अडचणीची जागा. आपण कानाने लिहिणारी माणसं, त्यामुळे नाइफ ‘एन’मध्ये शोधला जातो. नाइफ, नी, नॉक, नॉट म्हणजे गाठ, हे सगळे ‘के’चे. इंग्रज पूर्वी हा क उच्चारत असत; उच्चार गेला, स्पेलिंग राहिलं. हे सांगितलं की मुलांचा राग थोडा निवळतो. ‘डब्ल्यू-आर’चं पानही असंच: राइट, राँग, रिस्ट, रॅप. या दोन पानांवर मुकं अक्षर लाल पेनाने लिहायचं.

दिसायला फारच सारखे शब्द मात्र एका दिवशी कधीच देऊ नका. ‘टी-एच’मधले थ्रू, दो, थॉट आणि थरो एकत्र दिले की चारही बिघडतात. क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी आणि क्वायट म्हणजे शांत, यांच्यात निदान पंधरवडा जाऊ द्या. आधीचा वाक्यात नीट बसल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही.

‘एक्स’वर वेळ घालवू नका. झायलोफोन शिकून सातवीच्या पोराला काय करायचंय? त्या पानावर मी शेवटी एक्स येणारे शब्द लिहून घेते: बॉक्स, फॉक्स, सिक्स, टॅक्स, मिक्स, फिक्स. ते रोज लागतात.