सायलेंट शटरमध्ये गायकाच्या चेहऱ्यावर येणारे काळे पट्टे: माझा अनुभव

ग्वाल्हेरला डिसेंबरात तानसेनांच्या समाधीजवळ समारोह भरतो, तशा रात्रीच्या मैफलीत विंगेतून फोटो काढणाऱ्यांसाठी. कॅमेरा सायलेंट मोडवर, एलईडी दिवे मंद, आणि फोटोत आडवे काळे पट्टे. आयएसओ, व्हाइट बॅलन्स, लेन्स, अँटी-फ्लिकर (दिव्याची लुकलुक टाळायची कॅमेऱ्यातली सोय) सगळं बदलून पाहिलं; डोकं फिरायची वेळ आली.

कारण असं: दिवा मंद करताना एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो आणि सायलेंट मोडमधलं इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं; दिवा बंद असताना वाचलेल्या ओळी काळ्या येतात.

साउंडचेकलाच हे करा. लाइटवाल्या दादांना मैफलीत ठेवणार तेवढाच उजेड लावायला सांगा. पूर्ण उजेडात पट्टे बहुधा दिसतच नाहीत आणि आपण फसतो. मग आधी मेकॅनिकल शटर (पडदा सरकणारं, खटका वाजणारं), वेग १/१०० सेकंद, एफ २.८, आयएसओ ३२००. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/१०० किंवा १/५०; त्याने साध्या बल्बांचाही त्रास जातो. नंतर सायलेंट चालू करा, कॅमेऱ्यात व्हेरिएबल शटर (शटरचा वेग अगदी बारीक पायऱ्यांनी बदलायची सोय) असेल तर वेगाचा आकडा दशांशाने सरकवा, स्क्रीनवरचे पट्टे विरेपर्यंत. तो आकडा टेपवर लिहून कॅमेऱ्याला चिकटवा.

आलापात सायलेंटच. मेकॅनिकलचा खटका द्रुत लयीत, तबल्याच्या आवाजाखाली.