स्टेशनचा इतिहास लिहायचाय? आधी फलाटावरचे खांब वाचा

गावच्या स्टेशनचा इतिहास लिहायचा म्हटलं की लोक पहिल्यांदा म्हाताऱ्यांकडे जातात. मीही गेले. नेरळहून व्हीटीला एकोणतीस वर्षं लोकलने ये-जा केलेली बाई मी. वाटलं, ओळखी भरपूर, चार जणांना विचारलं की झालं काम. शेडबद्दल विचारलं तर एक काका म्हणाले, इंग्रजांच्या वेळची. दुसरे म्हणाले, छे, आमच्या लग्नानंतर उभी राहिली. दोघंही ठाम!

म्हणून माझं ऐका, आधी लोखंडाला विचारा. जुन्या फलाटांवर शेडचे खांब, कुंपण, बाकांचे पाय बरेचदा रेल्वेने काढून टाकलेल्या रुळांचेच असतात. रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्यातच उठावाची अक्षरं पडलेली असतात: कारखान्याचं नाव, साल, कधी रेल्वे कंपनीची आद्याक्षरं, कधी वजन. ‘९० आर’ म्हणजे यार्डाला ९० पौंडांचा रूळ. पण वर रंगाचे इतके हात चढलेले असतात की समोरून काही कळत नाही. अंधार पडल्यावर जा आणि मोबाईलचा टॉर्च खांबाला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उजेड तिरका पडला की अक्षरांच्या कडेला सावली धरते. तरी लागलं नाही तर पातळ कागद लावून त्यावर मेणाचा खडू आडवा घासा. ३ आहे की ८, हा घोळ बहुतेक वेळा तिथे मिटतो.

मात्र सापडलेलं साल लगेच गावभर सांगत सुटू नका. मी सांगितलं होतं, तेही गणपतीच्या आरतीला. आमच्या डब्यासमोर रोज भेटणारे एक रिटायर्ड गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, हसले, “ताई, हा रूळ आधी कितीतरी वर्षं गाड्यांखाली झिजलाय, मग खांब झालाय.” म्हणजे ते साल एवढंच सांगतं की शेड त्याच्या आधीची नाही.

लाईनच्या तारखेचंही तसंच. ठाण्यापर्यंत गाडी आली १६ एप्रिल १८५३ला, कल्याणपर्यंत १ मे १८५४ला आणि आमच्यावरून पळसदरीमार्गे खोपोलीला १२ मे १८५६ला. पण लाईनवरची बरीच स्टेशनं मागाहून उघडली. तेव्हा लाईनची तारीख हीच स्टेशनची तारीख असं धरून चालू नका. आमच्याकडे आणखी एक गोंधळ होतो. माथेरानची छोटी गाडी १९०७ची, आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने उभी केलेली. तिच्या गोष्टी लोक बिनदिक्कत मोठ्या स्टेशनच्या खात्यात टाकतात.

कागदांत पहिलं गॅझेटियर बघा, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ. आमचं नेरळ कर्जत तालुक्यात, आणि तो तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, म्हणून १८८२चे ठाण्याचे खंड काढा. कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या रायगडच्या, खंडात शोधत बसाल तर दिवस वाया. जुन्या इंग्रजी स्पेलिंगांचीही सवय करा, खोपोलीचं ‘कॅम्पूली’ झालेलं असतं. आणि वेळा जपून वाचा. १९०६च्या आधीची काही दशकं रेल्वेची वेळापत्रकं मद्रास टाइमने चालत, मुंबईच्या घड्याळापेक्षा साधारण अर्धा तास पुढे. तेव्हाच्या पत्रात ‘दहाची गाडी’ दिसली तर दहा कुणाच्या घड्याळातले, ते आधी ठरवा.

माहितीच्या अधिकारात अर्जही करता येतो, फी १० रुपये. “स्टेशनचा इतिहास द्या” असं मोघम लिहू नका. अमुक नंबरचा फलाट बारा डब्यांसाठी कधी लांबवला, असं नेमकं विचारा. लांबवलेली जागा फलाटाच्या कडेलाच दिसते, जुना काळा दगड संपतो आणि काँक्रीट सुरू होतं.

फोटो काढण्याआधी स्टेशन मास्तरांच्या कानावर घाला. चांगल्या कोनासाठी रुळात उतरायचं नाही; रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि गाडी कोन बघत नाही. फोटोत मागचा, गाडीच्या तारा धरणारा विजेचा खांब मात्र जरूर घ्या. त्याच्या पाटीवर किलोमीटर आणि खांबाचा नंबर असतो, त्यामुळे जागा पक्की होते.

एवढं झालं की मग म्हाताऱ्यांकडे जा, खांबांचे फोटो घेऊन. “कधी झालं?” असं विचारू नका. “तुमचा पहिला पास कितीचा होता?”, “पावसात कुठे उभे राहायचात?” असं विचारा. जुने पास कपाटातून निघतात. त्यांवर तारीख असते. आणि बायकांना विचारा, ते बहुतेकांचं राहून जातं. लग्नानंतरची शेड म्हणणाऱ्या काकांच्या काकूंनी न बोलता अल्बम आणला. वरात गाडीतून उतरलेली, फलाटावर रणरणतं ऊन, नवरदेवाच्या फेट्यामागे विजेचा खांब. भिंगातून नंबर वाचला, सकाळी जाऊन ताडला. आज बरोबर त्याच जागी शेड आहे.

लग्नपत्रिका काकूंनी जपून ठेवलीच होती.