कांदळवन शिकायचं तर चिखलात उतरा

वनस्पतीशास्त्र घेऊन पुढे खारफुटीवर, म्हणजेच कांदळवनातल्या झाडांवर काम करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पुस्तकं वाचाच, पण पहिल्याच सत्रात गोव्यातल्या रायबंदरहून फेरीबोट पकडा आणि चोडणला जा. मांडवीकाठचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य तिथेच आहे.

खारं पाणी झाडाला सोसतं कसं, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. ते खरं उमगलं तिवर या खारफुटीच्या झाडाच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावल्यावर. मार्च-एप्रिलच्या भर दुपारी पान निरखून पाहा, मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील. तिवर आत आलेलं मीठ पानातून बाहेर टाकतो. शेजारच्या कांदळाच्या पानावर असं काही सापडत नाही, कारण तो बरंचसं मीठ मुळांशीच अडवतो. या दोन तऱ्हा एकदा अशा अनुभवल्या की पुन्हा घोटाव्या लागत नाहीत. मात्र दिसेल ते झाड चाखू नका. हुऱ्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. त्यामुळे आधी ओळख पटवा, मगच हात लावा. अभयारण्यात पान तोडायलाही वन खात्याची परवानगी लागते.

कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि लांब शेंगेसारखं लोंबतं. ते पिकलं की वरच्या टोकाला पिवळसर कडं दिसतं आणि हलकेच फिरवताच हातात येतं. कच्चं ओढावं लागतं. रोपवाटिकेत काम मिळालं तर पहिली पारख याचीच होते.

ओहोटी लागताना उतरा, भरती फिरायच्या आत वर या. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा येते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. तिवराची चिखलातून वर आलेली श्वसनमुळं पायाखाली चिरडू देऊ नका.

खाजन शेतीच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतीच्या, बांधावरची मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी झडपही बघून घ्या. भरतीच्या रेट्याने तिची दारं आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मानस सांभाळणाऱ्या काकांना पाण्याचं विचारा आणि निमूट ऐका. पाऊस लागला की मांडवीचं पाणी किती झपाट्याने गोडं होतं, हे ते तुम्हाला महिन्यावार सांगतील. ते वहीत उतरवून घ्या आणि जुलैत स्वतः क्षारता मोजून ताडून पाहा.